साक्षी बोरकर, हजर

प्रिय आई,

काल मनीषनगरच्या एका कपड्यांच्या दुकानात काउंटरवरच्या मुलीनं मला विचारलं, "दादा, मॅडम कश्या आहेत?" आणि मी म्हणालो, "बऱ्या आहेत."

असं कसं निघालं माझ्या तोंडून? तुला जाऊन चार वर्षं झाली. तुझा मृत्यूचा दाखला मी स्वतः रांगेत उभा राहून आणला. आणि तरी म्हणे, बऱ्या आहेत! वरून "तुझी आठवण काढतात" असंही जोडलं. म्हणून आज सुट्टी टाकली आणि कागद घेऊन बसलोय. तिच्याशी बोललेलं खोटं निस्तरायचं आहेच, पण त्याआधी तुझ्याशी बोललेलं एक खोटं आहे. ते जुनं आहे आणि जास्त वाईट आहे.

ती मुलगी साक्षी बोरकर होती, आई. तुझ्या नववी ब ची. हो, तीच!

आठवतो ना तो कोरोनाचा जून? शाळा तिकडे महाल भागात कुलूप लावून बसलेली आणि प्रताप नगरच्या आपल्या दोन खोल्यांत एकीकडे माझं ऑफिस, दुसरीकडे तुझी नववी ब. फळ्यावर तुझं अक्षर छापल्यासारखं, पण फोनपुढे तुझी पार गाळण उडायची. पहिल्या दिवशी तू फोन सवयीनं कानालाच लावलास. बावीस पोरांना अर्धा तास मॅडमचा कान दिसत होता! मी आतून ओरडलो, "आई, समोर धर!" तू म्हणालीस, "समोर धरला त ऐकू कसं येईन गा?" पोरं हसली, तूही हसलीस. मी मात्र हसलो नाही. माझं तेव्हा डोकंच ठिकाणावर नव्हतं.

आणि तुझी ती हजेरी! तू कधी नंबर घेतले नाहीस. शाळेतही नाही, फोनवरही नाही. नाव घ्यायचीस, आणि पोरानं "हजर" म्हणायचं नाही, आज घरी भाजी काय केली ते सांगायचं. "आलू-वांगं, मॅडम." "पाटोडी, मॅडम." कोणी म्हणायचा, "काल पाहुणे आले होते, सावजी मटण!" मग तू त्यालाच पाच मिनिटं चिडवायचीस. समास राहिले बाजूला.

मी एक दिवस भडकलोच. "आई, चाळीस मिनिटांत मीटिंग आपोआप बंद पडते. त्यातली वीस मिनिटं तू भाजीबाजार भरवते! शिकवते कधी?"

तू शांतपणे म्हणालीस, "काहून चिडून राहिला बापा? लेकरू उपाशी असन त मी त्याले काय समास शिकवू?"

मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. एवढं पुरे होतं गं समजायला! जे पोर लागोपाठ तीन दिवस "मीठ-भाकर" म्हणायचं, त्याच्या घरी तू शाळा सुटल्यावर चक्कर टाकून यायचीस. हे मला तुझ्या तेराव्याला तुझ्या सोबतच्या बाईंकडून कळलं. तू का नाही कधी सांगितलंस? की सांगितलंस आणि मी कानाला हेडफोन लावून बसलो होतो?

मी हुशार ना! एका बैठकीत फॉर्म बनवला. सकाळी मोबाइलवर लिंक उघडायची, आपल्या नावापुढं टिक करायची, झाली हजेरी. वर्गात सगळ्यांचे माइक बंद. तू दोनदा विचारलंस, "मग लेकरं बोलतीन कवा?" मी म्हटलं, "शंका असली तर हात वर करतील." तू म्हणालीस, "बरं बापा, तू म्हणतो तसं."

आठवड्याभरात हेडसरांचा फोन आला. तुमचा वर्ग सगळ्यात शिस्तीचा, हा फॉर्म सगळ्या वर्गांना द्या. मी दिला. छाती फुगवून दिला. अख्ख्या शाळेत कोणी कोणाला विचारेनासं झालं, जेवला का म्हणून. तुझा वर्ग मात्र चाळीस मिनिटांच्या आत वेळेवर संपू लागला. तू फोन ठेवून दोन मिनिटं तशीच बसायचीस. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणालीस, "काही नाही गा. भिंतीशी बोलल्यासारखं वाटते."

मग सहामाही आली आणि साक्षी बोरकरचा पेपर आला नाही. फोन लावला तर बंद. तू मास्क बांधून तिच्या खोलीवर गेलीस. मी नको नको म्हणत होतो. खोलीला दुसऱ्याचं कुलूप. शेजारीण म्हणाली, ते लोक तर गेले, कुठं गेले माहीत नाही, पोट्टीच्या बापाचं काम सुटलं होतं ना पाऊस लागतानाच.

तू घरी येऊन चप्पल न काढता खुर्चीवर बसलीस. "मी तिची वर्गशिक्षिका. अन् मले पत्ता नाही."

आणि मी काय म्हणालो? मी फोन उघडून तुला दाखवला. "अगं, पण फॉर्ममध्ये तर ती रोज हजर आहे! दिवाळीच्या आधीच्या आठवड्यापर्यंत!"

तू माझ्याकडे पाहिलंस. चार शब्द बोलली असतीस, एखादी शिवी घातली असतीस, तर बरं झालं असतं. आता चार वर्षं मी त्या नजरेला उत्तरं देत बसलोय.

दुसऱ्या दिवशी तू माइक उघडायला लावलेस आणि पुन्हा नावं घेतलीस. "राठोड, आज भाजी काय?" कोणी बोलेना. मग एका पोरानं माइक उघडून म्हटलं, "मॅडम, फॉर्म भरला आहे." बस. सवय मोडली होती त्यांची. तुला ती लावायला पंचवीस वर्षं लागली आणि मी ती चार महिन्यांत मोडली.

साक्षीला तू शोधतच राहिलीस. वर्गातल्या पोरांना विचारलंस, भाजीवाल्याला विचारलंस, ती राहायची त्या गल्लीतल्या दळणवाल्याला विचारलंस. आणि एप्रिल आला, तुलाच कोरोना वॉर्डात भरती करावं लागलं.

आता ते सांगतो. वॉर्डात कोणाला सोडत नव्हते. त्या दुपारी सिस्टरनं व्हिडिओ कॉल लावून तुझ्यापुढे फोन धरला. तुझ्या तोंडावर मास्क, दम लागलेला. मला वाटलं, माझं विचारशील. तू विचारलंस, "बोरकरची पोट्टी सापडली का गा?"

मी म्हणालो, "हो आई. सापडली. चांगली आहे. वर्गाला येऊन राहिली."

तुझे डोळे हसले. मी पाहिलं. आणि मग तू विचारलंस, "काय जेवली म्हणे?"

आई, मला एक भाजी सुचली नाही. एक! आलू म्हणायचं, वांगं म्हणायचं, काहीही म्हणायचं. मी म्हणालो, "आवाज तुटून राहिला, आई, नंतर लावतो." आवाज तुटत नव्हता. मी फोन ठेवला. तो शेवटचा.

तुला कळलं असेलच. पंचवीस वर्षं पोरांचं खोटं ऐकून ओळखणारी बाई तू, माझं ओळखलं नसशील? तरी आज कबूल करतो, ती तेव्हा सापडली नव्हती. मी शोधलीही नव्हती.

काल ती आपणहून समोर आली. "तुम्ही ऑनलाइनवाले दादा ना? मॅडमचा फोन धरून उभे राहायचे?" तशीच बोलते, भराभर. बाबांचं काम सुटलं, आई आजारी, ही एका घरी बाळ सांभाळायला जायची. वर्ग चालू असायचा तेव्हा ही तिकडे. मी विचारलं, "मग हजेरी?" म्हणाली, "सकाळी टिक मारून जायची ना! टिक मारली का वाटे, शाळा सुटली नाही आपली." मग रिचार्ज संपला, खोली सोडली, गावाकडे गेले. दहावी राहिली ती राहिलीच.

मग हसून म्हणाली, "तुम्हीच बनवला होता ना दादा तो फॉर्म? लय सोपा होता."

मी मान हलवली. ती घड्या घालत पुढे म्हणाली, "मॅडमनं भाजी विचारली असती ना, त मी पहिल्याच दिवशी रडली असती." आणि लगेच, "मॅडम कश्या आहेत?"

आता सांग, काय म्हणणार होतो मी? आणि तरी म्हणायला हवं होतं.

रविवारी तिला सुट्टी असते. पत्ता घेतला आहे, बेलतरोडीच्या बाजूला राहतात. मी जाणार आहे. सतरा नंबरच्या फॉर्मची चौकशी करून ठेवली आहे, घरी बसून दहावी देता येईल, मराठी आणि गणित मी बसवून घेईन. मला तुझ्यासारखं शिकवता येत नाही, चिडतो, तुला माहीतच आहे. पण ते सगळं नंतर. ती हो म्हणेल की नाही, हेही माहीत नाही. आधी तिला तो हजेरीचा फॉर्म कोणासाठी आणि का बनवला ते सांगेन. आणि तू तिला किती शोधलंस, ते सांगेन. ती बोलली तर ऐकून घेईन, मध्ये तोंड घालणार नाही. हे तुला वचन.

सापडली, आई. आता खरंच सापडली. तू नाहीस, एवढं तिला सांगायचं राहिलं आहे, आणि ते मीच सांगेन.

तुझा,
निखिल