पुन्हा उघडलेले खटके

गुरुवार, १२ मार्च

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. माझी तब्येत ठीक. तुझा खोकला गेला का? गेला नसेल तर अंगावर काढू नकोस.

सोमवारी सकाळी मी गाद्या उन्हात टाकल्या, चादरी पिळून वाळत घातल्या आणि उसवलेली उशी घेऊन टेबलाशी बसणार, तेवढ्यात तुझ्या भावाने तिथे वर्तमानपत्र पसरलं. "आई, टेबल आज माझं. तुझा संसार त्या टोकाला हलव."

त्याच्या कीबोर्डचा आवाज तुला माहीत आहे. दिवसभर घरून काम करतो, नि पत्र्यावर गारा पडाव्यात तसं चालू असतं. प्रत्येक बटणाखाली नखाएवढा खटका असतो. तो उघडायचा, आतली दांडी नि स्प्रिंग काढायची, दांडीच्या कडांवरून बारीक ब्रशने ग्रीसचा नुसता हात फिरवायचा आणि पुन्हा मिटायचा. की आवाज गेला. मात्र दांडीला दोन इवले पाय असतात, त्यांना ग्रीस लागू द्यायचं नाही. लागलं तर खटका लिबलिबीत होतो, बटण दाबलं गेलं की नाही ते बोटाला कळत नाही. हे सगळं त्यानेच मला शिकवलं.

मी म्हटलं, "नव्या सुनेला दागिने दाखवावेत तसं दाखवतोयस."

"सून येईल तेव्हा येईल. तू आधी चष्मा पूस."

हसलो दोघं. मग तो कामाला लागला आणि मी उशी शिवायला. थोड्या वेळाने एक स्प्रिंग उडून माझ्या मांडीवर आली. मग दुसरी. "ब्रशच भिकार निघाला," म्हणाला आणि दुसरा घेतला. उजवं कोपर त्याने टेबलावर घट्ट रोवलं होतं, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं होतं. मी मान वर केली नाही. सुई त्याच त्याच टाक्यातून काढत राहिले.

दुपारी तो बाहेर गेला तेव्हा मी झालेले खटके उघडून पाहिले. पाय ग्रीसने बरबटलेले. मी चिमटा घेतला, फडक्याने पुसलं, पुन्हा ग्रीस लावलं, होते तसे ठेवून दिले. मंगळवारी दुपारीही तेच केलं. वाटलं, पोराची मेहनत वाया जाऊ नये. पण खरं सांगायचं तर मला ते बरबटलेले पाय बघवत नव्हते.

मंगळवारी संध्याकाळी त्याने कीबोर्ड जोडला आणि डोळे मिटून एकेक बटण दाबत गेला. शेवटचं दाबलं आणि उठून मला गच्च मिठी मारली.

"एकही बिघडला नाही, आई! एकही नाही!"

"छान झालं की."

"ताई म्हणत होती ना, तपासून घे? घेतलं तपासून. हात डळमळत असता तर यातले निम्मे कचऱ्यात गेले असते. कळव तुझ्या लाडक्या लेकीला."

मी म्हटलं, "कळवते." आणि चहा घेणार का, विचारलं.

"घेतो. आणि ऐक, शनिवारी मी तिला लग्नाला होकार देतोय. वर्षभर थांबलीय बिचारी."

ती म्हणजे त्याच्या ऑफिसातली. दोनदा घरी आली होती. हसतमुख आहे, तिला मुलांची फार हौस.

ठमे, तू म्हणाली होतीस की बाबांचं दुखणं तुम्हा दोघांत कुणातही उतरू शकतं. तू तपासून घेतलंस आणि सुटलीस. त्याने तुला सांगितलं, माझे हात बघायला येणार असशील तर येऊच नकोस. मी तेव्हा त्याची बाजू घेतली. शाळा माझी चौथीपर्यंत, पण त्या दुखण्यावर हाती लागलं ते शब्दकोश मांडीवर घेऊन वाचून काढलंय. त्याला औषध नाही, एवढंच पक्कं कळलं. मग कशाला तपासायचं, असं वाटायचं. हात थरथरला म्हणजे तेच असं नाही, हेही मी वाचलंय. पण तुझे बाबा शेवटी शेवटी सुईत दोरा ओवताना मनगट तसंच धरायचे. सबंध गावाचे कपडे शिवलेला माणूस.

माझ्या लग्नाच्या वेळी मला कुणी काही सांगितलं नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं. त्यांच्यासोबतचं एकही वर्ष मी परत करणार नाही. पण त्या मुलीला निदान विचार करायला मिळायला हवा. आणि तो जी परीक्षा पास झालोय म्हणतो, तिचा पेपर मी सोडवलाय.

तू ये. बोलू नकोस त्याच्याशी हवं तर, नुसती ये. दार मी उघडीन.

बुधवारी, म्हणजे काल, तो कामाला बसायच्या आत मी त्याच्यासमोर खुर्ची ओढली आणि सांगितलं की ते खटके मी पुन्हा उघडले होते, जवळजवळ सगळेच.

तुम्हा दोघांची,
आई