हात न टेकता

ती. आईस,
इथूनच पायावर डोकं ठेवते. मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं.

हॉस्पिटलात आमच्या वॉर्डात आता नवीन संशोधनाप्रमाणे आम्ही प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगतो. जमलं नाही, तर पडायचा धोका असतो. काल एक आजोबा म्हणाले, "पोरी, आधी तू उठून दाखव!" सगळे हसले. त्यांना काही उठता आलं नाही.

तुझे गुडघे कसे आहेत गं? परवा व्हिडिओ कॉलवर दार वाजत राहिलं, तरी तू म्हणालीस, "वाजू दे, तू बोल." तेव्हा मी सुखावले होते. कालपासून मात्र वाटतंय, तुला उठताच येत नव्हतं का?

रविवारी कॉलवर बाबांना शेजारी उभं करून माझ्यासमोर हात न टेकता उठ. तोवर एकटीनं सराव करू नकोस. मी ओळखते तुला.

तुझी,
चिमी