बिनकागदाचं प्रवचन

सोमवार, ४ मार्च

बावीस पानं! माझं आजवरचं सगळ्यात चांगलं प्रवचन. येत्या रविवारी चर्चमध्ये ते द्यायचं, लगेच या कोळ्यांच्या गावाचं गुप्त मतदान. ‘हो’ जास्त पडले तर पाद्रीबाई म्हणून मी इथेच. नाहीतर परत ग्लासगो, आणि तिसरा नकार. तिसरा!

मंगळवार, ५ मार्च

चर्चची देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्या हेक्टरला वाचून दाखवलं. स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसला होता. पहिल्याच पानाला म्हणतो, ‘कागद वाचणारा पाद्री इथे टिकत नाही. आधीचा वाचायचा. लोक छताच्या फळ्या मोजायचे.’ असली चिडले! चार वर्षं शिकले ती काय फळ्या मोजून घ्यायला?

तिसऱ्या पानावर — ‘पोरी, ते “निष्फळ श्रमांतून उद्भवणारी हतबलता” म्हणजे रात्रभर जाळं टाकलं आणि एक मासा नाही, हेच ना?’

‘हेच.’

‘मग तसं म्हण की! तोंडात काय बटाटा धरलायस?’

मेल्याची जीभ फार चालते. पण खरं बोलला.

गुरुवार, ७ मार्च

नवी पद्धत. तो सोलतो, मी बोलते. सुरी थांबली तर वाक्य ठेवायचं, सालं पडतच राहिली तर उडवायचं. बावीसची चार पानं झाली! कागदावर एकदा लिहिलं की पुरतं, कानाला तेच तीनदा लागतं — ‘एक मासा नाही.’ कॉलेजात लाल रेघ बसली असती. आज सुरी थांबली ती थांबलीच. बटाटा काळा पडला.

शनिवार, ९ मार्च

ती चार पानंही घरीच ठेवणार.

रविवार, १० मार्च

जिंकले!! रिकाम्या हातांनी उभी राहिले. मध्येच पुढचं सगळं विसरले. गप्प. सगळे पुढे सरकून बसले — त्यांना वाटलं, मुद्दाम थांबलेय! मग आठवलं तेवढं म्हटलं, ‘एक मासा नाही.’ तर बोटीवरच्या फर्गसची बायको एफी मोठ्यांदा म्हणाली, ‘खरंय गं बाई!’ या चर्चमध्ये मध्येच कुणी खोकतसुद्धा नाही!

एकाहत्तर ‘हो’, एक ‘नाही’. कोण असेल तो एक? असू दे मेला. आज मला नाचावंसं वाटतंय.

मंगळवार, १२ मार्च

हेक्टर दारातूनच म्हणाला, ‘ते “नाही” माझं होतं.’ मी ओरडले, ‘का?’ ‘सगळ्यांनी हो म्हटलं असतं, तर पुढच्या रविवारी तू कागद घेऊन आली असतीस.’

माझ्या टेबलावर पुढच्या रविवारची अकरा पानं लिहून तयार होती.