शाळेतून परत आलेला तांब्या

मंगळवार, १५ जुलै

आज शाळेत जाऊन आले. हे गेल्यापासून यांचा चित्रकलेचा तास बंद आहे. त्या वेळात सराव परीक्षा घेतात. आठवड्यातून एक तास तरी ठेवा, एवढंच मागायचं होतं.

मुख्याध्यापक हसले. "वहिनी, सफरचंद रंगवलं म्हून स्कॉलरशिप भेटते काय पोराले?"

"हे असते तर असं बोलले असते काय तुमी?"

"सरांची गोष्ट येगळी होती. आता वरून निकाल मागून राह्यले." मग कपाटातून आमचा पितळी तांब्या काढून माझ्या हातात दिला. "हा तुमचाच. कपाट खाली करून राह्यलो."

म्हणजे तास आता सुरू होणारच नाही.

मुलांसमोर ठेवून चित्र काढायला यांनी तो घरून नेला होता. सुट्टीत घरी यायचा, पण मला कधी घासू दिला नाही. "त्या डागांवरूनच पोरं उजेड-सावली शिकतात," म्हणायचे.

शोकसभेत हेच मुख्याध्यापक रडले होते. खरंच रडले होते का? मी भांडायला हवं होतं. तांब्या पिशवीत घालून निघाले.

घरी आल्यावर चिंच लावून तो घासला. सगळे डाग गेले. पाणी भरून ओट्यावर ठेवला.