पुस्तकात नसलेली ओळ

तीर्थरूप बाबा,
इथूनच तुमच्या पायांना हात लावते.

मी ठणठणीत आहे. लॉन्ड्रीत आता इस्त्रीवर घेतलंय, त्यामुळे हात दिवसभर पाण्यात नसतात. तुम्ही बरे आहात, असं दादाने लिहिलंय. मग या वेळी पत्र त्याच्या अक्षरात का?

तुम्ही दिलेली कादंबरी रोज सकाळी दोन पानं उतरवून काढते. तुमचंच सांगणं, 'लिहायला शिकायचंय ना? मग चांगलं लिहिलेलं आधी हाताखालून जाऊ दे.' हसू नका, चार वह्या भरल्या! वाक्य कुठे थांबवावं, ते बोटांना कळू लागलंय.

काल शेवटचं प्रकरण झालं. त्यात मुलगी घरी पोहोचते तेव्हा वडील गेलेले असतात. माझ्यासोबत खोलीत राहणारी नर्स वही पुस्तकाशी ताडून पाहते. ती म्हणाली, "अगं, हे पुस्तकात नाहीये."

मी लिहिलं होतं, 'वडील पायरीवर बसले होते. म्हणाले, किती उशीर केलास, चहा गार झाला.' कधी लिहिलं, माझं मलाच कळलं नाही.

"खोडून टाक," ती म्हणाली. मी नाही खोडलं. चार वह्यांत तेवढंच माझं आहे.

पुढच्या महिन्यात सुट्टी मिळतेय. बाबा, तोवर ते लिहिलेलं खोटं पाडू नका.

तुमची,
धाकटी