मानवंदना पथकाच्या सव्वीस जोड बुटांच्या हुकमातून सुटका मिळण्याबाबत

प्रति,
मा. कमान अधिकारी साहेब,
छात्रसेना पथक, छावणी विभाग,
वाराणसी.

(समक्ष हाती देण्यासाठी. कृपया बडे बाबूंच्या टेबलावरून जाऊ नये.)

विषय : मानवंदना पथकाचे बूट चमकविण्याचा हुकूम मागे घेण्याबाबत; ते शक्य नसल्यास हुकूम पुरा झाला असे एका ओळीत लिहून मिळण्याबाबत.

संदर्भ : (१) आपला तोंडी हुकूम, परेड मैदान, दि. १४ डिसेंबर १९६३.
(२) आपले पत्र दि. २ जानेवारी १९६४.
(३) माझे याच विषयावरील दोन हिंदी अर्ज.

महोदय,

१. प्रथम हा अर्ज मराठीत का, याचा खुलासा करतो. माझे आधीचे दोन अर्ज बडे बाबूंनी मोठ्याने वाचून हवालदारसाहेबांना ऐकविले आणि दोघे पुष्कळ वेळ हसले. मराठी त्या दोघांनाही येत नाही. आपण साताऱ्याकडचे आहात. रुजू झालो त्या दिवशी आपण मला "घरी मराठीच बोलता ना?" असे विचारले होते. बोलतो, पण आमच्या पाच पिढ्या काशीत गेल्याने तिच्यात हिंदी मिसळली आहे. तिकडे कृपया दुर्लक्ष व्हावे.

२. अर्जदार महाविद्यालयात गणित शिकवितो. वय एकेचाळीस. चीनच्या आक्रमणानंतर छात्रसेना सक्तीची झाली, तेव्हा अध्यापकांतून अधिकारी कोण होणार असे प्राचार्यांनी सभेत विचारले. सगळे खाली मान घालून पेपर तपासत होते. माझे तपासून संपले होते, म्हणून मी वर पाहिले. माझी निवड एवढ्यावरच झाली. देशसेवेस माझी ना नव्हती, आजही नाही.

३. माझे घर रामघाटावर आहे. वडील वे. शा. सं. ढुंढिराजशास्त्री आठल्ये, वय शहात्तर, घरीच वेद शिकवितात. आमच्या उंबऱ्याच्या आत चामडे येत नाही. सरकारी बूट घेऊन मी प्रथम घरी आलो, तेव्हा माझी आत्या प्रभावती दारातच आडवी आली आणि म्हणाली, "हे जूते बाहेरच ठेव, नीलू. कुत्र्यांनी नेले तर नेले, सरकार दुसरे देईल." सरकार दुसरे देत नाही हे तिला पटले नाही. शेवटी गोपीनाथ मल्लाहाच्या नावेत, मधल्या फळीखाली, बुटांना जागा मिळाली. तेव्हापासून बूट नावेत राहतात आणि मी घरात.

या व्यवस्थेत अपघात झालेच. दि. ९ नोव्हेंबर रोजी मणिकर्णिकेवरून अस्थी घेऊन प्रवाहात जाणारी मंडळी मिळाल्याने गोपीनाथ नाव घेऊन निघून गेला आणि बूटही गेले. त्या दिवशी मी परेडला उशिरा, तेही कॅनव्हासच्या पांढऱ्या जोड्यांत आलो. आपण कारण विचारले तेव्हा मी "प्रकृती" असे सांगितले. ते खोटे होते. हवालदारसाहेबांच्या सल्ल्याने मी पॉलिशची डबी दिव्यावर धरून पातळ करू गेलो, तेव्हा डबीने पेट घेतला आणि माझी उजवी भुवई गेली. ती अजून पुरती आलेली नाही, हे आपण पाहिले असेलच.

४. आता मूळ मुद्दा. बूट चमकविण्याची सैनिकी रीत हवालदारसाहेबांनी आम्हांला शिकविली ती अशी : बोटाला फडके घट्ट गुंडाळावे, पॉलिशचा कण घ्यावा, बुटाच्या टोकावर थुंकावे आणि लहान लहान गोल फिरवावे. मी जन्मात कशावर थुंकलेलो नाही. आमच्याकडे थुंकीचा हात लागला तर स्नान करावे लागते. आणि नावेत बसून, खाली गंगा असताना, थुंकायचे कसे? म्हणून मी डबीच्या झाकणात थंड पाणी घेऊन त्याचे थेंब वापरू लागलो. शिवाय पहाटेच्या स्नानानंतर चामड्याला हात लावायचा नाही, म्हणून आत्याने मला एका जुन्या मुकट्याचा तुकडा दिला. मुकटा म्हणजे सोवळ्यात नेसायचे रेशमी वस्त्र, हे आपणांस सांगायला नको. रेशमाला विटाळ लागत नाही, तेव्हा बूट त्यातून धरावा, असा तिचा हिशेब.

बूट धरता धरता एक दिवस त्याच तुकड्याने मी टोक पुसले. साहेब, त्यात मला माझे तोंड दिसले. अर्धी भुवईसुद्धा दिसली.

५. दि. १४ डिसेंबर रोजी आपण रांगेतून जाताना माझ्यासमोर थांबलात आणि खाली वाकून माझ्या बुटात पाहून स्वतःची टोपी सरळ केलीत. हे कसे साधले, असे विचारलेत. मी "सराव, सर" म्हणालो. संपूर्ण पथकासमोर "वडिलांच्या घरचे सोवळे, सर" असे म्हणण्याचे धैर्य मला झाले नाही. त्यावर आपण हुकूम दिलात की २६ जानेवारीला मानवंदना पथकातील सव्वीसही छात्रसैनिकांचे बूट असेच झाले पाहिजेत आणि ते माझ्या हातून झाले पाहिजेत. आपल्या २ जानेवारीच्या पत्रात, एका रांगेत उभे राहिल्यावर एकाही बुटात फरक दिसता कामा नये, अशी भर आहे.

६. एका तुकड्यावर दोन जोड होतात. पुढे त्यात पॉलिश बसते आणि तो चमक देण्याऐवजी ओरखडे पाडतो. आत्याने दिलेला तुकडा १८ डिसेंबरलाच संपला. माझी पत्नी सुमेधा हिने खणाचे कापड दिले, त्यातल्या जरीने दोन बूट मांजराने ओरबाडल्यासारखे झाले. बाजारच्या नव्या रेशमाला मांड, म्हणजे खळ, असते, त्याने बुटावर धुके येते. बूट मागतात ते रेशीम वर्षानुवर्षे गंगेत, साबण न लावता, धुऊन मऊ झालेले असावे लागते. असे वस्त्र आमच्या घरात एकच उरले होते. वेदाध्ययन पुरे झाले त्या दिवशी गुरूंनी अंगावर पांघरविलेला मुकटा वडील चाळीस-पंचेचाळीस वर्षे पूजेला नेसत आले आहेत.

दि. २१ डिसेंबर रोजी गच्चीवर वाळत घातलेला तो मुकटा मी उचलला आणि नावेत बसून कात्रीने त्याचे तेरा तुकडे केले. हे मी लिहीत आहे कारण कुणाला तरी सांगणे भाग आहे.

७. दुसऱ्या दिवशी घरात शोधाशोध झाली. आत्याने तत्काळ निकाल दिला : "मेले बंदर! देवाचं वस्त्रसुद्धा सोडत नाहीत." रामघाटावरची माकडे कपडे पळवितात हे खरे आहे, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. वडील एवढेच म्हणाले, "नेलंय तर आणूनही देईल." मी ते माकडांवरच राहू दिले. आत्याने माकडांना रोजचे चणे घालणे बंद केले आणि चौथ्या दिवशी माकडांनी खरोखरच सुमेधाचे लुगडे नेले. त्यामुळे माझे खोटे आणखी पक्के झाले.

वडील नवा मुकटा घ्यायला तयार होईनात. आत्याची सोवळ्याची लोकरी धाबळी स्वयंपाकाला लागते. तेव्हा सोवळ्याचे कोरडे वस्त्र नाही म्हणून ते ओलेत्याने पूजेला बसू लागले : गंगेत बुडी मारायची आणि तेच ओले धोतर नेसून दोन तास देवापुढे. पौषातल्या काशीतली थंडी आपणांस ठाऊक आहे. आपण स्वतः परेडला दोन स्वेटर घालता.

८. मी काहीच केले नाही असे नाही. पहिल्या हिंदी अर्जावर "योग्य गणवेशात समक्ष सादर करावा" असा शेरा पडला. गणवेशात आलो, तर आपण माझ्या बुटांची तारीफ केलीत, चहा पाजलात आणि अर्ज टेबलावरच राहिला. दुसऱ्या वेळी मी मुद्दाम बूट मळवून आलो. तेव्हा आपण पथकाला सांगितलेत की, पाहा, हा अधिकारी स्वतःची चमक मुलांना देतो. मुलांनी टाळ्या वाजविल्या.

शिवाय हे गणित सुटणारे नाही. त्याच बुटांवर रोज दोन तास कवायत होते. पंधरावा जोड तयार होईतो पहिल्याच्या टोकावरची चमक तडकते, सोळावा करावा तर दुसरा जातो. पंधराच्या पुढे मी एकदाही गेलेलो नाही. उरलेले अकरा नेहमी उरतातच.

९. वडिलांना दिसू नये म्हणून मी नाव मुन्शी घाटाला लावून काम करीत असे. परवा, ७ जानेवारीस, धुके इतके दाट होते की गोपीनाथने ती रामघाटालाच बांधून ठेवली. वडील स्नानाला उतरले, तेव्हा तुकडे बांबूवर वाळत होते. एका तुकड्याला काठ होता. वडिलांनी तो बोटांत धरला. गोपीनाथ भाबडेपणाने बोलून गेला, "गुरुजी, ई त भइया के जूता क कपड़ा हौ."

वडील माझ्याकडे पाहून म्हणाले, "वानर बरंच शिकलेलं दिसतं."

मला त्या वेळी त्यांनी मुस्कटात मारायला हवे होते. तसे झाले असते तर हा अर्ज करावा लागला नसता. त्यांनी बूट पाहायला मागितला, हात न लावता पाहिला, आणि हुकूम कुणाचा ते विचारले. मी सांगितले, सरकारचा. काम किती राहिले? अकरा जोड. मग त्यांनी ओंजळीत पाणी घेतले आणि माझ्यादेखत सोडले. "वस्त्र देशाच्या कामात लागलं. ते काम पुरं होईतो मी दुसरं नेसणार नाही. लेकिन तू अर्धवट टाकू नकोस."

१०. म्हणजे काम पुरे होत नाही, आणि ते होईपर्यंत वडील ओलेते सोडणार नाहीत. मी पाया पडलो, चूक कबूल करतो म्हणालो. त्यांनी "ती नंतर" म्हणून उठविले. काल खोकला होता. आज अंगात ताप आहे. तरी पहाटे ते पायऱ्या उतरले, मी एका हाताला धरून. त्यांना घरी सोडून, साहेब, मी परत नावेत जाऊन बूट घासायला बसलो, कारण त्यांनीच बजावले होते.

११. सबब विनंती एवढीच की, सव्वीस जोडांचे काम पुरे झाले, असे आपण एका ओळीत लिहून, सही करून, वर गोल शिक्का मारून द्यावे. अक्षर मोठे असावे, वडील ते स्वतः वाचतील. हे खरे नाही, मला माहीत आहे. मुलांच्या उत्तरपत्रिकेत चुकीच्या उत्तराला मी कधी अर्धा गुणही दिलेला नाही, पण हे एक चुकीचे उत्तर मला आपल्या हातचे हवे आहे. २६ तारखेला अकरा जोड निस्तेज दिसतील. त्याबद्दल पाहुण्यांसमोर माझे नाव घ्यावे, पद काढून घ्यावे, जी होईल ती शिक्षा मला मान्य आहे.

वडील उद्या पहाटे चार वाजता पुन्हा गंगेत उतरतील. म्हणून हा अर्ज टपालाने न पाठविता आणला आहे आणि उत्तर मिळेपर्यंत मी आपल्या कार्यालयाच्या फाटकापाशी उभा आहे. पहारेकरी आत सोडत नाही, कारण मी गणवेशात नाही.

आपला, फाटकाबाहेर अडकलेला,

नीलकंठ ढुंढिराज आठल्ये
रामघाट, वाराणसी
गुरुवार, दि. ९ जानेवारी १९६४, दुपारी साडेतीन

सोबत :
(१) वैद्यांची चिठ्ठी, आजची.
(२) मुकट्याचा काठ असलेला तुकडा, एक. तीनदा धुतला, काळा रंग निघत नाही. पाहून झाल्यावर परत मिळावा, तो वडिलांचा आहे.