चाक उघडून बघ

९ फेब्रुवारी, रविवार, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. पत्ता मावशीकडून घेतला. तिच्यावर चिडू नकोस, मी तिच्या दारात ठाण मांडून बसले होते. इकडे सगळं ठीक. बाबांना नवीन काठी घेतली. माझं काम तेच, शर्टांच्या कारखान्यात तपासनीस. उलट्या बाजूची शिवण बघितल्याशिवाय एकही शर्ट पुढे सोडत नाही, म्हणून शिंपी वैतागलेले असतात. तू ठेवलेलं 'चोंबडी' हे नाव इथेही आपोआप लागलं.

लिहायला निमित्त माझ्या गाडीचं. मागचे ब्रेक नीट लागत नव्हते, म्हणून जिथून घेतली त्याच शोरूममध्ये दुरुस्तीला टाकली. दोन दिवसांनी चकाचक धुऊन परत दिली. कागदावर लिहिलेलं, 'मागच्या ब्रेकचे लायनर बदलले.' घराच्या वळणावर आले तर मागून कर्र आवाज. म्हटलं, झालं, नुसती धुऊन माझ्या गळ्यात मारली. तशीच गाडी वळवली. काउंटरवरचा माणूस गोड बोलत कागदच पुढे करायला लागला. मी म्हटलं, कागद मलाही वाचता येतो, मला चाक उघडून दाखवा.

पिकल्या केसांचे एक मेकॅनिक आतून आले. वाद नाही, कपाळाला आठी नाही. "या ताई," म्हणाले आणि गाडी वर उचलली. दादा, अकरा वर्षं ही गाडी चालवतेय, पण तिचं पोट मी पहिल्यांदा बघितलं. केवढं काय काय असतं रे तिथे. नळ्या, तारा, बोटाएवढे बोल्ट, आणि सगळे मुकाट्याने आपापल्या कामाला लागलेले. मी आ वासून बघत राहिले. तू तासन्‌तास गाडीखाली का पडून असायचास ते मला आत्ता कळलं.

त्यांनी चाक काढलं, मग त्यामागचं लोखंडी झाकण. आत लायनर कोरे करकरीत. आवाज करत होता तो अडकलेला एक खडा, तो त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. मी खजील. तेवढ्यात लायनरच्या कडेवर बारीक खरवडलेलं काहीतरी दिसलं. तारीख होती.

"ही कशाला?"

"बसवण्याआधी खिळ्याने कोरतो. कधी बदलले ते पुढच्या माणसाला कळतं."

"पण झाकण लागल्यावर ती दिसणार कोणाला?"

"उघडेल त्याला," ते म्हणाले.

मला तू दिसलास. पायरीवर बसून, जीभ दातात धरून खिळ्याने काहीतरी कोरत असायचास. मी विचारलं की म्हणायचास, चोंबडे, तुला काय करायचंय.

आता जे टाळतेय ते लिहिते. बाबांचा पाय मोडला त्या दिवशी स्कूटर मी चालवत होते, बाबा मागे होते. आदल्या दिवशी तू तिच्या ब्रेकचं काम केलं होतंस. दवाखान्यात मी म्हणाले, ब्रेक लागलाच नाही, दादाने काम केलंच नाही. तू एवढंच म्हणालास, "चाक उघडून बघ." मी म्हटलं, बघायचंय काय त्यात. बाबाही तुला नको नको ते बोलले. महिन्याभरात तू घर सोडलंस. तेरा वर्षं स्कूटर जिन्याखाली पडून आहे, आणि सगळ्यांच्या शिवणी उलटून बघणाऱ्या मी ते एक चाक कधी उघडलं नाही.

काल दुपारी उघडलं. तुझेच पाने, माळ्यावर होते. नट हलेना, मी घामाघूम. झाकण निघालं आणि मी वाकून आत बघितलं. स्कूटर बाहेरून सगळी गंजलेली, आणि आत तुझे लायनर जाड, अख्खे, जराही न झिजलेले. कडेला तारीख, आदल्या दिवशीची. सातच्या आकड्याच्या पोटात तू आडवी रेघ देतोस, तीसुद्धा होती. पायाने दाबायचा ब्रेक मी हाताने दाबला. कुरकुरत का होईना, दोन्ही लायनर फाकले. सोडला, मिटले. पुन्हा दाबला. किती वेळा कोण जाणे. तेरा वर्षं त्या अंधारात ते तयारच बसले होते रे. कोणीतरी दाबायचाच काय तो अवकाश होता.

त्या दिवशीही तसंच होतं. मी मागे वळून बाबांशी गप्पा मारत होते. समोर हातगाडी आली. माझा पाय ब्रेकवर गेलाच नाही. ब्रेक लागला नाही असं नाही, मी दाबलाच नाही. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तुझ्यावर ढकलून मी मोकळी झाले. माफ कर असं लिहायलाही हात धजत नाही.

आज सकाळी बाबांना सगळं सांगितलं. ते काठी टेकत जिन्याखाली आले, स्टुलावर बसले आणि त्या तारखेवरून बोट फिरवत राहिले. बराच वेळ. मला सोसवेना. म्हटलं, "चाक बसवून टाकते."

"राहू दे," ते म्हणाले. "ज्याने बसवलं होतं तोच बसवेल."

चाक भिंतीला टेकवून ठेवलंय, नट वाटीत आहेत. मला ते बसवता येत नाही, आणि येत असतं तरी बसवलं नसतं.

उशिरा का होईना, उघडून बघणारी,
तुझी चोंबडी